ओठांवरचं बोट

१९ मार्च

स. — चितळ भरपूर, गवे ७, अस्वल लांबून. मोठी नाही. दु. — ट्रिप नाही.

गेटवर पुढच्या आठवड्याची यादी लागली. वाचत खाली गेले आणि थांबले. तो येतोय. २६ पासून, रोज दोन ट्रिपा. गाईडच्या रकान्यात माझं नाव. मुद्दाम मागून घेतलंय म्हणे. मागच्या वर्षीची गाईड फार चांगली होती, म्हणाला.

त्याचं नाव या वहीत येणार नाही. वही गाईडच्या ट्रेनिंगला मिळालेली आहे, जनावरांच्या नोंदीसाठी. त्याला मी शू म्हणते.

मुरलीनंही यादी वाचली. जिप्सी त्याची, मी बहुतेक त्याच्याच गाडीवर असते. म्हणाला, "सुनंदाताई, साहेबाले सांगून नाव बदलवून घेऊ का? दुसरा गाईड जाईन."

म्हटलं, नको. येऊ दे.

मोहाची फुलं पडायला लागली आहेत. येताना आठ मोहांपाशी वास आला. आधी या वासानं भूक लागायची, आता नाकाला रुमाल लावून जाते.

२० मार्च

वर्ष होत आलं, लिहिलं नाही. आज एकदाच लिहिते, म्हणजे वही पुढे सरकेल.

बाई, माझी मोठी बहीण वच्छला, दिली होती चामोर्शीकडे. तिकडे सगळं धान, मोहाची झाडं कमी. म्हणून मोहाच्या दिवसांत पंधरा दिवस माहेरी यायची. त्या दिवशी पहाटे आम्ही दोघी बरोबरच घराबाहेर पडलो. ती टोपली घेऊन आठ मोहांकडे, मी खाकी घालून गेटकडे. म्हणाली, "तुह्या पाहुण्यायले सांग, आमचाबी एक फोटो काढा म्हणा."

म्हणजे ती कुठं आहे हे मला माहीत होतं.

सूर्य वर आला तेव्हा मोठी रस्त्यावर होती. पाहुणे तिला पैंजण म्हणतात, पुढच्या पायावर पट्ट्यांची कडी आहेत म्हणून. आम्ही जंगलात त्या जनावराचं नाव घेत नाही. मोठी म्हणतो, बस. तिला डावीकडे टेकडीवर जायचं होतं, पिल्लं तिकडे होती. शूनं मुरलीच्या खांद्यावर थाप मारून गाडी पुढे घ्यायला लावली. मागून आणखी दोन गाड्या आल्या. डावी बाजू पूर्ण बंद. ती थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि उजवीकडे वळली. उजवीकडे आठ मोह.

मोह वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. उभं राहिलं तर बहुतेक वेळा ते वाट सोडतं. हे ट्रेनिंगला शिकवलं आणि मायनं त्याच्या आधीच शिकवलं होतं. म्हणून गावची रीत अशी, की जनावर दिसलं की हाकारा द्यायचा: उभी राह्य! आणि गाईडची रीत अशी, की जनावर दिसलं की चूप बसायचं.

मी तोंड उघडलं होतं. शूनं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. शूऽऽ.

मी तोंड मिटलं.

मग त्याच्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज. मग बायांच्या किंकाळ्या. आम्ही दोनशे पावलांवर होतो.

मी त्या जिप्सीत होते हे गावाला माहीत आहे. तोंड उघडून मिटलं हे फक्त मला. आणि त्याला, जर त्याला आठवत असेल तर.

२२ मार्च

स. — रानकुत्रे ४. मोठी पाणवठ्यावर, पिल्लं आता तिच्या कमरेएवढी. पाहुणे खूश.

नाल्याच्या कडेला खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा अजून लटकलेल्या आहेत. चिमटा घेऊन गेले, वाऱ्याकडे पाठ केली आणि मायच्या रिकाम्या तपकिरीच्या डबीत त्यांची लव खरवडून भरली. सोन्यासारखी दिसते. अंगावर चिमूटभर पडली तर माणूस कपडे फाडतो.

मुरली रस्त्यावरून ओरडला, "काय करून राह्यली वो?"

"लोणचं."

"खाजकुयलीचं?"

"पाहुण्यासाठी आहे."

त्यानं सीटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मह्या गाडीच्या सीटवर नको सांडवू."

शूसाठी केलेली यादी:
१. मोठी दाखवायची नाही. एकदाही.
२. गोचीड.
३. डबी.
४.

चौथ्या आकड्यापुढं अजून काही सुचलं नाही. जागा सोडली आहे.

२४ मार्च

भाऊजी आले, बाईचं वर्ष आहे म्हणून. चामोर्शीहून येताना सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक रस्ता सोडत नव्हते, दोन तासांच्या वाटेला चार तास लागले. उतरले तेव्हा थरथरत होते. मला वाटलं, दुःखानं. दवाखान्याच्या आशाताईनं बोटातून रक्त घेतलं. हिवताप. गोळ्या सुरू झाल्या आहेत.

जगात लोक वाघाला भितात, तरी लांबून लांबून पाहायला येतात. भाऊजींना डासानं पाडलं, त्याला पाहायला कोण येतं?

बाईच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून त्यांनी वैनगंगेतला एक दगड आणलाय, पांढरा, अंड्यासारखा गुळगुळीत. जिथं जनावरानं माणूस नेलं तिथं आमच्याकडे दगडांची रास असते. येणारा-जाणारा एक दगड टाकतो. माय म्हणते, "त्यानं नेलेलं माणूस त्याच्याच पाठीवर बसून राह्यते. दगड टाकत राह्यलं तं हळूहळू खाली उतरते."

आठ मोहांखालची रास आता गुडघ्याएवढी आहे. माझा त्यात एकही दगड नाही. वर्षभर रोज तिथून जाते. कोणी विचारलं नाही, बरं झालं.

संध्याकाळी भाऊजी घोंगडी पांघरून बसले होते. एकदम म्हणाले, "सुनंदा, तू तं गाडीतच होती त्या दिवशी. तुले दिसली नाई का वो ते तिकडे वळतानी?"

मी म्हटलं, "नाई दिसली, भाऊजी. गाड्या आडव्या होत्या."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. ठेवायला नको होता.

२६ मार्च

दु. — सांबर, मोर, मुंगूस. मोठी नाही.

शू आला. तेच हिरवे कपडे, खिशांना खिसे. या वेळी लेन्स मोठी, धरायला खाली उशी लागते. केस थोडे गेलेत. मला पाहून दोन्ही हात जोडले. "सुनंदाताई! ओळखलंत का?"

ओळखलं म्हटलं.

गाडीत बसल्या बसल्या सांगायला लागला. मागच्या वर्षीच्या त्या फोटोला बक्षीस मिळालं. मोठी वळून मागं पाहते आहे तो. मग म्हणाला ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते: "त्या दिवशी तुम्ही जी शांतता राखलीत ना ताई, ती फार थोड्या गाईडना जमते."

माझे हात मांडीखाली होते. तिथंच ठेवले.

थोड्या वेळानं आवाज खाली आणून: "नंतर गावातली कुणीतरी बाई गेली ना? आरडाओरडा ऐकला होता, पण आम्ही दुपारीच निघालो, ती गेल्याचं मला मागाहून कळलं. वाईट झालं."

मुरलीनं गिअर असा टाकला की गाडी किंचाळली.

कुणीतरी बाई.

परतताना पाणवठ्याच्या बाजूनं सांबर हाकारत होतं. एकसारखं, न थांबता. म्हणजे मोठी तिथंच होती, पन्नास पावलांवर. शूनं कान टवकारले. मी म्हटलं, "माजावर आलेलं आहे सर, ओरडतंय." सांबराचा माज थंडीतला, हे पुस्तकातही असतं. शूनं पुस्तकं वाचलेली नाहीत, पाहिलेली आहेत. गाडी पुढे गेली.

मुरली मला आरशातून पाहत होता. गेटपाशी उतरताना हळूच म्हणाला, "एक नंबर झाला का यादीतला?"

यादी त्यानं कधी वाचली?

२७ मार्च

स. — गवे ११, घुबड. मोठी नाही. शू कंटाळला.

पाहुण्यांना सगळं भयंकर हवं असतं, फक्त आपल्या अंगाला न लागता. वाघ दाखवा, अस्वल दाखवा, घोणस असते का हो इकडे? विंचू काळा की लाल? शूला तर "अस्सल जंगल" हवं आहे. मनात म्हटलं, अस्सल पाहिजे ना. घे.

चहाच्या थांब्यावर चिंच आहे. तिच्या सावलीत दुपारी गावची म्हसरं बसतात, खालची माती नुसती गोचिडांच्या पिल्लांनी भरलेली असते. डोळ्यांना धुळीएवढी. आमच्यातलं कोणी तिथं टेकत नाही. शूला म्हटलं, सर, त्या बाकावर ऊन आहे, इथं गार आहे. मांडी घालून बसला. बिस्किटं खाल्ली. मग आडवाही झाला. मी लांब उभी राहून चहा प्यायले. वर्षभरात असा चहा प्यायले नव्हते.

दोन नंबर झाला.

२८ मार्च

करायला गेले गणपती, झालं माकड.

रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातली शोभाबाई सकाळी गेटवर भेटली, हसून हसून बेजार. "काल अंघोळीले गेला नं तो पाहुणा, बाहेर येऊन बोंबलला, मले काहीतरी चिपकलं! सारे पोट्टे चिमटे घेऊन. कानामागं, काखीत, अन् आता कुठी कुठी सांगू."

एवढ्यापर्यंत जीव गार झाला. पण सकाळी गाडीत शू आला तो फुललेला. बाही वर करून लाल गांध्या मोजून दाखवल्या. त्रेचाळीस. फोटो काढलेत, सगळ्यांना पाठवलेत. म्हणतो, "जंगलानं मला स्वीकारलं, ताई."

गोचिडांनाही बक्षीस मिळेल आता.

घरी आले तर भाऊजींना पुन्हा थंडी भरली होती. मायनं तीन घोंगड्या टाकल्या, वर स्वतः बसली. दात वाजत होते तरी बोलत होते. "तिले आवाज दिला असता कोणं तं ते उभी राह्यली असती. ते लय चपळ होती."

हाव, म्हटलं. आणि बाहेर येऊन भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

शू ३१ पर्यंत इथं, मग सिरोंचाला गोदावरी बघायला जाणार. तीन दिवस आहेत. गोचिडांनी भागत नाही. डबीनंही भागणार नाही. मला काय हवंय ते मला कळलं आहे, लिहीत नाही.

२९ मार्च

आज वर्ष झालं.

सकाळी भाऊजींनी जाऊन दगड ठेवला. ताप उतरला होता, पाय लटपटत होते, तरी चालत गेले. माय होती, गावातल्या बाया होत्या. मी सकाळच्या ट्रिपला होते. सुट्टी मागता आली असती. मागितली नाही.

दुपारची ट्रिप. जे झालं ते क्रमानं लिहिते.

ऊन कलल्यावर शू म्हणाला, मागच्या वर्षीच्या जागी चला. गेलो. त्याला रास दिसली. वर पांढरा दगड, हळदकुंकू, सकाळचं. म्हणाला, "हे छान आहे. यावर लेन्स टेकवली तर अगदी खालून अँगल मिळेल. दोन मिनिटं उतरू?"

उतरायला सक्त मनाई आहे. मुरली म्हणाला, "नाई सर, इथी नाई उतरता येत." शूनं माझ्याकडे पाहिलं.

त्याच्या थोडं आधी नाल्यापलीकडच्या बांबूत एक माकड खाकरलं होतं, जनावर दिसल्यावर खाकरतं तसं. एकदाच. शूला ऐकू आलं नाही. मुरलीला आलं की नाही माहीत नाही. मला आलं होतं.

मी म्हटलं, "उतरा."

मुरलीनं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिले.

तो गेला. राशीमागं गुडघे टेकले, मग वाकला, कोपरं बाईच्या दगडांवर टेकवली. मागून पाहिलं तर मोह वेचणारा दिसत होता. एवढीच पाठ दिसते. एवढीच.

बांबूतून दुसऱ्यांदा खाकर आली आणि मग थांबेना. गवत हललं. कान दिसला, मग खांद्याचा पट्टा. तीस पावलं असतील. मोठी जमिनीला चिकटून येत होती. कॅमेरा भलतीकडे रोखलेला, त्याला काही दिसत नव्हतं. मुरलीचा हात चावीवर गेला, चावी खणखणली. शूनं तसंच वाकल्या वाकल्या मागं वळून ओठांवर बोट ठेवलं.

शूऽऽ.

तेच बोट. नखाजवळ तोच तीळ.

मी चूप बसले. पुढे वाकून मुरलीच्या मनगटावर हात ठेवला, त्यालाही चूप बसवलं. यादीतला चार नंबर हाच होता. मनात म्हटलं, बाई, तू तिच्या पाठीवर बसली असशील तर दाखव तिला. हा बघ. वाकलेला आहे. तुझ्यावरच टेकलाय.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पंचवीस पावलं. वीस.

त्याच्या कोपरानं पांढरा दगड सरकला. राशीवरून खाली आला, टक टक टक करत, रस्त्यापर्यंत. बाकी कसलाच आवाज नव्हता. भाऊजींनी ठेवलेला दगड.

मग मी ओरडले. पोटातून आलं. "बाई, उभी राह्य! उभी राह्य वो बाई!"

शू दचकून उभा राहिला. उभा राहिला म्हणून वाचला. मोठी थबकली, एक पाय वर, कडी दिसत होती. मुरलीनं हॉर्नवर दोन्ही हात दाबले. ती वळली आणि गेली, पळत नाही, चालत.

मी ओरडतच होते. मुरलीनं खांदे धरून हलवलं तेव्हा थांबले.

हाकारा वर्षभर उशिरा निघाला, आणि वाचला कोण? शू. याचा मला इतका संताप आला आहे की जेवण गेलं नाही.

३० मार्च

ट्रिप नाही. वनखात्याच्या साहेबांनी गेटवर बोलावलं. पाहुणा खाली उतरला कसा, लिहून द्या.

मी कागद घेतला. खरं लिहायचं ठरवून गेले होते, मीच उतरा म्हटलं. गाईडचं कार्ड गेलं तर जावो. तेवढ्यात साहेब म्हणाले, पाहुण्यांनी स्वतः लिहून दिलंय. ताईंनी आणि ड्रायव्हरनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, त्यांच्यामुळं जिवंत आहे. वर सही.

म्हणजे शू माझ्यासाठी खोटं बोलला. किंवा घाबरल्यामुळे त्याला आठवतच नाही. कसंही असो, आता माझी नोकरी त्याच्या खोट्यावर उभी आहे. त्याचं खोटं साहेबांकडे आणि माझं खोटं भाऊजींकडे. छान जोडी जमली.

मीही तेच लिहून सही केली. हो, केली. वाघासमोर तोंड उघडलं आणि कागदासमोर मिटलं.

गावात बातमी पसरलीच होती. सुनंदानं पाहुण्याचा जीव वाचवला. बाया कौतुकानं येऊन गेल्या. भाऊजी सगळ्यांना सांगत होते, "मही साळी आहे ते." एकीनं विचारलं, वाघीण येतानी तुले पहिले दिसली का वो? भाऊजीच म्हणाले, "दिसनारच. तिची नजर लय तेज आहे."

बोलून ते जरा थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे वळले.

३१ मार्च

शूनं निरोप पाठवला, जाण्याआधी भेटायचं आहे. रिसॉर्टच्या ओट्यावर गेले, मुरली बरोबर. डबी खिशात.

त्याचा चेहरा दोन दिवसांत उतरलाय. म्हणाला, "तुमच्यासाठी काय करू सांगा, ताई. काहीही."

म्हटलं, मागच्या वर्षीचे त्या दिवशीचे फोटो दाखवा. बक्षीसवाला नाही, सगळे.

त्याला नवल वाटलं, पण लॅपटॉप उघडला. एकापाठोपाठ फोटो. मोठी रस्त्यावर. मोठी थांबलेली. वळलेली. मागं दूरवर मोहाची झाडं. झाडांत एक लाल ठिपका.

म्हटलं, तो ठिपका मोठा करा.

केला. बाईचं लाल लुगडं. वाकलेली, टोपली बाजूला. चेहरा नाही, पाठ. पुढचा फोटो, तशीच. त्याच्या पुढच्यात ती उभी आहे. सरळ उभी, हात कमरेवर, आमच्या गाडीकडे पाहते आहे. गाड्यांचा आवाज ऐकून पाहिलं असेल. माझी गाडी आहे हे तिला माहीत होतं. हसत असेल, आमचाबी फोटो काढा. त्या वेळी एक हाक दिली असती तर ती वाकलीच नसती.

पुढच्या फोटोत पुन्हा वाकलेली.

शूनं हळूच विचारलं, "ही कोण?"

"कुणीतरी बाई. तुम्हीच म्हणालात."

मुरली म्हणाला, "तिची सख्खी बहीण आहे ते, सर. परवा तुम्ही कोपर टेकवलं नं, ते तिचीच रास."

शूला समजायला वेळ लागला. मग त्याला सगळंच आठवलं असावं, कारण त्यानं आपल्याच हाताकडे पाहिलं. डोळे भरले. बोलायला तोंड उघडलं, ताई, मला खरंच...

मी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ."

त्याचं तोंड मिटलं. तसाच बसला, आवाज न करता रडत. मी उठेपर्यंत बोट काढलं नाही. ओठ दुखायला लागले तरी नाही.

तो उभ्या बाईचा फोटो त्यानं रिसॉर्टच्या ऑफिसातून कागदावर काढून दिला. दोन्ही हातांनी दिला.

१ एप्रिल

शू सकाळी सिरोंचाच्या रस्त्याला लागला.

रडणाऱ्याच्या अंगावर खाजकुयली टाकू नये असं कुठं लिहिलं आहे? बॅगा गाडीत चढत होत्या तेव्हा त्याचा मानेवरचा पंचा कठड्यावर वाळत होता. सगळी डबी झटकली. गोदावरी दिसेपर्यंत खाजवत जाईल. काठावर तेलुगू बोलणाऱ्या लोकांना काय झालं ते सांगताही येणार नाही.

हसू आलं. मग तेही टिकलं नाही. डबी रिकामी आहे, यादीतले चारही आकडे झाले, आणि आतलं जसंच्या तसं आहे. मुरली म्हणतो, "आता कोणाले पकडतेस?"

त्याला माहीत आहे कोणाला. त्या दिवशी गाडीत त्याला गप्प करायला मनगटावर ठेवलेला हात माझाच होता.

२ एप्रिल

भाऊजींच्या गोळ्या संपल्या. ताप नाही. उद्या दहाच्या बसनं जाणार. फाट्यापर्यंत मी पोचवते म्हटलं, मायनं ना केली नाही. दोन किलोमीटर. वाटेत आठ मोह लागतात.

फोटो त्यांना अजून दाखवलेला नाही. दाखवला की विचारतील, कोणं काढला? कुठून काढला? इतकं साफ दिसते इथून?

दिसतं, भाऊजी. इतकं साफ दिसतं.

आज नाल्यात उतरून एक दगड घेतला. काळा आहे, मुठीत मावतो. पिशवीत फोटोच्या शेजारी ठेवलाय. पांढरा दगड मुरलीनं त्याच दिवशी उचलून परत वर ठेवला म्हणे. मला वर्षात पहिल्यांदा माझाही टाकायचा आहे.

रिकामी डबी मायच्या हाती लागली. उघडून हुंगली आणि आता हात खाजवत बसली आहे, शिव्या घालते आहे. तेल गरम करून दिलं.

भाऊजी आत बॅग भरताहेत. बाईचं फडकं घडी करून ठेवलं. मघा म्हणाले, "सुनंदा, रस्त्यानं बोलत बोलत जाऊ. या येळेस तू काई बोललीच नाई."

उद्या आधी दगड टाकायचा की आधी सांगायचं, ते ठरत नाही. न सांगता टाकलेला दगड मोजतात का, हे मायला विचारणार होते. तिचे हात तेलात आहेत.